एका प्रश्नानं गेलं

आमच्या मराठवाड्यात मेडिकलची सीट कुणाचीही फार मार्कांनी जात नाही. ती एका प्रश्नानं जाते. मला आजवर भेटलेल्या प्रत्येक पालकाच्या लेकराची सीट एकाच प्रश्नानं गेलेली आहे. मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला बरोबर उत्तराचे चार मार्क मिळतात आणि चुकलं की एक जातो, म्हणजे एक प्रश्न फार तर पाच मार्कांचा. माझ्या पुतणीला २०२४ साली ७२० पैकी ६११ पडले. सरकारी कॉलेजांची खुल्या गटाची यादी त्याच्या बरीच वर थांबली. मधल्या जागेत सहा-सात प्रश्न सहज मावले असते. तरी माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, गंगाखेडच्या बसस्टँडवर भेटलेल्या पहिल्या माणसाला सांगितलं, “एका प्रश्नानं गेलं बघा.” त्या माणसानं खेदानं मान हलवली. त्याच्या पोराचंही मागं तसंच गेलं होतं.

यात कुणी खोटं बोलत नसतं. त्या हिशेबाची एक रीत आहे. दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो, त्यामुळं त्यानं तो हिशेब एका परिपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर शिस्तीत मांडला होता. वर पडलेले मार्क. त्याखाली ‘सिली मिस्टेक’, तीन प्रश्न, अधिक पंधरा. मग ‘बरोबर उत्तर शेवटच्या मिनिटाला बदललं’, अधिक पाच. ‘गोल रंगवताना एक ओळ घसरली’, अधिक पाच. सर्वांत खाली नुसतं ‘पंखा’, अधिक पाच, कारण तिच्या बाकावरचा पंखा बंद होता. बेरीज यादीपासून एका प्रश्नावर आली की हिशेब बंद करायचा असतो. ‘सिली मिस्टेक’ हा शब्द त्या उन्हाळ्यात घरात इतका मुरला की चौथी शिकलेली आमची आई भाजीत मीठ जास्त पडलं तरी “सिली मिस्टेक झाली गं” म्हणायला लागली.

तो उन्हाळाच विचित्र होता. निकाल लागायचा होता १४ जूनला. तो दहा दिवस आधी, ४ जूनच्या संध्याकाळी लागला. त्याच दिवशी लोकसभेची मतमोजणी होती. दादाच्या घरात टीव्हीवर एक मोजणी आणि मोबाइलवर दुसरी. शेजारच्या बीड मतदारसंघाचा निकाल रात्रीपर्यंत हेलकावे खात होता आणि शेवटी साडेसहा हजार मतांनी लागला. पडलेल्या बाजूच्या लोकांना तोसुद्धा एका बूथनं गेला असं वाटत होतं. मोबाइलवरची बातमी मात्र त्याहून चक्रावणारी होती: देशात ६७ मुलांना ७२० पैकी ७२०. “पैकीच्या पैकी?” आई म्हणाली, “मग ह्यांच्यात कुणाला सिली मिस्टेक होतच नाही?”

शेजारच्या घरी पेढे वाटले. त्यांचा मुलगा ‘क्वालिफाय’ झाला होता. आता हे ज्यांच्या घरात कुणी ‘नीट’ दिलेली नाही त्यांना सांगायला हवं. त्या वर्षी २३ लाखांहून जास्त मुलांनी परीक्षा दिली, १३ लाखांहून जास्त मुलं क्वालिफाय झाली, आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. खुल्या गटात १६०च्या थोडे वर मार्क पडले तरी माणूस क्वालिफाय होत होता. क्वालिफाय होणं म्हणजे सीटकडं बघण्याची परवानगी मिळणं. शेजारच्या मुलाला दोनशेच्या आत होते आणि त्यांच्या घरी मंडपाचा विचार चालू होता. आमच्या पोरीला सहाशेच्या वर होते आणि ती पांघरूण डोक्यावर ओढून पडली होती. पेढे मात्र त्यांच्याकडून आमच्याकडं आले, आणि वहिनीनं ते “अभिनंदन हं” म्हणत घेतले. त्या एका वाक्यासाठी वहिनीला कुठलंही पदक द्यावं असं माझं मत आहे.

नकार मिळाला असं म्हणावं तर तो कुणी दिलेलाही नसतो. स्थळानं नाही म्हटलं तर मध्यस्थ निदान “पत्रिका जुळत नाही” एवढं तरी कळवतो. नोकरीत नाही घेतलं तर कधीमधी पत्र येतं. मेडिकलला एक पीडीएफ येते, तिच्यात हजारो नावं असतात आणि तुमचं नसतं. माणूस ती वरून खाली वाचतो, मग खालून वर वाचतो. मग आडनाव आधी टाकून शोधतो, मग रोल नंबर टाकून. मग पुतण्या-भाच्यांपैकी कुणी कॉम्प्युटरवाला असतो त्याला फोन जातो, की बाबा तुझ्या मशीनवर बघ. बरं, एकदा नाव नाही आलं म्हणून संपत नाही. पहिली फेरी, दुसरी, तिसरी, आणि त्यानंतर ‘स्ट्रे व्हेकन्सी’ नावाची एक भटकी फेरी. प्रत्येक फेरीत कुणीतरी सीट सोडतं आणि यादी दोन-चार मार्कांनी खाली सरकते. दसरा येतो, दिवाळी येते, यादी सरकत असते. घराचं अर्धं चित्त त्या यादीत, आणि अर्धं चित्त रिपीटर बॅचच्या, म्हणजे पुन्हा परीक्षा देणाऱ्यांच्या क्लासच्या, फीच्या दुसऱ्या हप्त्यात. कारण रिपीटर बॅच यादीसाठी थांबत नाही. ती पावसाबरोबर सुरू झालेली असते.

रिपीट करायचं की नाही, यावर दादाच्या ओसरीवर बैठक बसली. मामा म्हणाले, बीएएमएस घ्या, शेवटी पाटीवर डॉक्टरच लागतं. आत्या म्हणाली फिजिओथेरपीला फार मागणी आहे, तिच्या गुडघ्यांचीच मागणी होती बहुधा. एक लांबचे काका जिल्ह्याच्या गावी, हॉटेलच्या हॉलमध्ये, परदेशी एमबीबीएसचं सेमिनार ऐकून आले होते. त्यांनी जॉर्जिया, किर्गिझस्तान आणि फिलिपिन्स या देशांची नावं तालुक्यातल्या गावांसारखी घेतली. वहिनी एवढंच म्हणाली, “दोन हजार बावीसला युक्रेनहून लेकरं कशी आणली ते टीव्हीवर बघितलंय मी. आणि तिकडून आल्यावर इकडं पुन्हा परीक्षा आहेच म्हणे.” काका गप्प झाले. सगळ्यांच्या सल्ल्यांत एक गोष्ट समान होती: सल्ला देणाऱ्याचं स्वतःचं लेकरू त्या वाटेनं गेलेलं नव्हतं.

मध्येच आईनं विचारलं, “ही परीक्षा किती वेळा देता येती?” दादानं सांगितलं, कितीही वेळा. पूर्वी पंचविसाव्या वर्षाची वरची मर्यादा होती, तिच्यावर कोर्टकज्जे झाले आणि २०२२ मध्ये ती रीतसर काढून टाकली. आता खालची मर्यादा तेवढी आहे, सतरा वर्षं. शिवाय ओडिशात एका निवृत्त बँक अधिकाऱ्यानं चौसष्टाव्या वर्षी ‘नीट’ देऊन २०२० मध्ये बुर्ल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला, हेही दादानं सांगितलं, आणि जरा जास्तच सविस्तर सांगितलं. दादाला निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली आहेत आणि बारावीला त्याला बायोलॉजी होतं. वहिनीनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो विषय तिथंच मिटला.

पुतणी बैठकीत एकच वाक्य बोलली. “काका, सिलॅबस तर झालाय. आता नुसती रिव्हिजन.”

हे वाक्य प्रत्येक रिपीटर बोलतो. सिलॅबस झालेला असतो हे खरंच. पण तो होऊन गेल्यावर त्याचं पुढं काय होतं हे कुणाच्या हातात नसतं. तिला जी पुस्तकं मिळाली ती मावसभावाची. त्यानंही रिपीट केलं होतं, त्यामुळं पुस्तकांवर दोन रंगांच्या खुणा होत्या. त्या पुस्तकांत प्राणिशास्त्रात झुरळ होतं. झुरळाचं पोट, झुरळाचं रक्त, झुरळाची मिशी, सगळं मावसभावानं जिवापाड पाठ केलेलं. २०२४ साठी नवा सिलॅबस आला आणि झुरळ गेलं, त्याच्या जागी बेडूक आला. नुसता आला असता तरी चाललं असतं. पण आधीच्या ओळीतला ‘कीटक’ हा शब्द तसाच राहिला आणि कंसात झुरळाऐवजी बेडूक बसला. देशाच्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या अधिकृत सिलॅबसमध्ये बेडूक कीटकांत मोडला. हे वाचून दादाच्या शाळेतली पाचवीची मुलं हसली. आमची पोरगी हसली नाही. तिनं विचारलं, “पप्पा, पेपरात विचारलं तर काय लिहायचं?”

झुरळ-बेडूक हा विनोद झाला. अणूचा मात्र झाला नाही. त्या वर्षीच्या फिजिक्सच्या पेपरात अणूंवर दोन विधानांचा एक प्रश्न होता. बारावीच्या एनसीईआरटी पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीप्रमाणे प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर. नव्या आवृत्तीप्रमाणे बहुतेक मूलद्रव्यांचे. मधल्या काळात मूलद्रव्यांना काही झालेलं नव्हतं, पुस्तकाला झालं होतं. परीक्षा घेणाऱ्यांनी आधी दोन्ही उत्तरं बरोबर धरली, कारण कुणी जुनं पुस्तक वाचलं, कुणी नवं. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयानं दिल्लीच्या आयआयटीतल्या तज्ज्ञांना विचारलं, तज्ज्ञांनी सांगितलं उत्तर एकच, नव्या पुस्तकातलं. चार लाखांहून जास्त मुलांचे मिळालेले चार आणि चुकल्याचा एक असे पाच-पाच मार्क जुलैच्या शेवटी गेले. आमची पोरगी त्यांत होती. जूनमध्ये तिला ६१६ होते, ते ६११ झाले.

दादाला या निकालाचं दुःख झालं आणि एक विलक्षण समाधानही लाभलं. “एका प्रश्नानं गेलं” याला आता थेट सर्वोच्च न्यायालयाचा आधार होता. ६१६ नाही तर ६११, दोन्ही आकड्यांना सीट लागत नव्हती, हा तपशील त्यानं बाजूला ठेवला. बसस्टँडवर तो आता तारखेसकट सांगायचा. मला स्वतःला या प्रकरणात एकच गोष्ट खटकते. वरच्या भावंडाचं पुस्तक खालच्यानं वापरायचं, ही आपल्याकडची काटकसर आजवर सद्गुण समजली जायची. त्या सद्गुणाला निगेटिव्ह मार्किंग लागू झालं.

तर अशा रीतीनं पुतणी लातूरला गेली.

लातूरविषयी आदरानं बोलायला हवं. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईची नावं असायची त्या काळात राजर्षी शाहू महाविद्यालयानं आणि त्याच्यामागून शहरातल्या इतरांनी ती यादी लातूरकडं ओढून आणली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्राच्या तोंडी बसवला. २०१६ च्या एप्रिलमध्ये या शहराला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं. विद्यार्थी त्याच्या कितीतरी आधीपासून एसटीनं येतच होते. उद्योग भवनाचा परिसर म्हणजे ट्यूशन एरिया. तिथं उद्योग एकच आहे. खोल्या, मेस, अभ्यासिका, झेरॉक्स, चहा, पुन्हा झेरॉक्स. रिक्षावाल्यानं पुतणीची ट्रंक उचलताना पहिला प्रश्न विचारला, “रिपीटर का फ्रेशर?” ‘रिपीटर’ म्हटल्यावर त्यानं आवाज खाली आणला आणि ट्रंक सावकाश ठेवली.

खोलीच्या मालकीणबाईंनी तर मुलाखतच घेतली. त्यांना सगळ्या मुली मावशी म्हणतात, तेव्हा मीही म्हणालो.

“कितवा अटेम्प?”

“दुसरा.”

“मग बरं. दुसऱ्याची लेकरं रडत न्हाईत. फ्रेशर पोरी पहिला महिना उशी भिजवतेत, दुसऱ्या महिन्यात घरी जातो म्हणतेत.” मग त्यांनी दोन खोल्या दाखवल्या. दोन्ही सारख्याच, दहा बाय दहाच्या, एकीचं भाडं जास्त. का, असं विचारल्यावर म्हणाल्या, “ह्या खोलीतली पोरगी मुंबईच्या केईएमला हाय. तो खिळा बघा, तिनं टाइमटेबल टांगायला ठोकलेला. मी काढू दिला न्हाई.” दादानं खिळ्याकडं पाहिलं. जास्त भाड्याची खोली घेतली. गणिताचा शिक्षक आहे, पण बापही आहे.

मावशींचं निदान मला पुढं फार उपयोगी पडलं. कोणती मुलगी किती वाजता झोपते, डब्यातलं किती परत येतं आणि गॅलरीत फोनवर किती हळू बोलते, यावरून त्या मार्क सांगायच्या आणि ते रविवारच्या टेस्टशी दहा-पंधराच्या फरकानं जुळायचे. क्लासचं अ‍ॅप संध्याकाळी निकाल द्यायचं, मावशी सकाळी द्यायच्या.

रविवारी रात्री दादा फोन करायचा. मार्क विचारायचे नाहीत असं त्याला कुठल्याशा समुपदेशकानं पालकसभेत बजावलं होतं, आणि दादा सरकारी माणूस, आलेली सूचना पाळतो. त्यामुळं तो विचारायचा, “जेवलीस का?” पुतणी म्हणायची, “जेवले.” ते ‘जेवले’ कसं आलं यावरून दादाला फिजिक्स कळायचं. तोडून आलं तर पन्नाशीच्या आत. जरा लांबवून आलं तर बायो चांगलं गेलंय. एकदा ती “हो पप्पा, जेवले, तुम्ही जेवलात का?” म्हणाली तेव्हा दादानं फोन ठेवून लगेच पिशवी काढली आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन जिलबी आणली.

वहिनीची आघाडी वेगळी होती. पहिल्या वर्षी तिनं एकच नवस बोलला होता, तुळजापूरला. तो फळला नाही. दुसऱ्या वर्षी तिनं प्रवेशप्रक्रियेचा अभ्यास केल्यासारखा पसंतीक्रमच भरला. पहिल्या फेरीला तुळजापूर, दुसरीला परळी वैजनाथ, तिसरीला औंढा नागनाथ. आणि भटक्या फेरीसाठी गावातलीच संत जनाबाई, कारण ती जवळची आहे आणि तिला कष्टाचं काय ते कळतं, असं वहिनीचं म्हणणं.

ट्यूशन एरियात फिरताना मान वर करायची सोय नाही. वर फ्लेक्स असतात. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या फ्लेक्सला टक्कर देणारे, शेकडो चेहऱ्यांचे. फोटोतल्या सगळ्या मुलांना एकसारखे टाय, कारण टाय मुलाचा नसतो, स्टुडिओच्या कॉम्प्युटरमधला असतो. एका चौकात मला एकच मुलगा तीन वेगवेगळ्या क्लासच्या फ्लेक्सवर दिसला, तिन्हीकडं ‘आमचा विद्यार्थी’. त्याला खरोखर कुणी शिकवलं हे बहुधा त्यालाही आता आठवत नसेल. असा एखादा फ्लेक्सवरचा मुलगा दिवाळीनंतर क्लासमध्ये पांढरा एप्रन घालून ‘मोटिव्हेशन’ द्यायला येतो. तो गेल्या वर्षी याच बाकावर बसून याच भिंतीकडं बघत होता. तो सांगतो की मोबाइल सोडा, झोप पूर्ण घ्या आणि एनसीईआरटीची ओळन् ओळ वाचा. पुतणीनं विचारलं, “कोणत्या आवृत्तीची?” मोटिव्हेशन तिथंच संपलं म्हणे.

जानेवारी २०२५ मध्ये परीक्षेनं पुन्हा कूस बदलली. तोवर दोनशे प्रश्न यायचे, त्यांतले १८० सोडवायचे, वेळ तीन तास वीस मिनिटं. आता फक्त १८० प्रश्न, सगळे सक्तीचे, आणि तीन तास. लातूरमध्ये वर्षभर पोरांनी कोणते वीस प्रश्न सोडून द्यायचे याची एक कलाच कमावली होती; त्यावर खास लेक्चरं झाली होती. आता सोडायला प्रश्न उरले नाहीत. आई म्हणाली, “म्हंजे सोडायला शिकवायची फी परत देतील का?” असे प्रश्न आमच्या घरात फक्त आईला सुचतात.

४ मे २०२५, रविवार. परीक्षा दुपारी दोन ते पाच, दीडनंतर फाटक बंद. बाहेर मराठवाड्याचं मे महिन्यातलं ऊन, त्यावर अधिक लिहीत नाही. फाटकाशी पाहिलं की फ्रेशर घर आणि रिपीटर घर लगेच वेगळं ओळखू येतं. फ्रेशर मुलगी पूर्ण बाह्यांचा, मोठ्या बटणांचा नवा ड्रेस घालून येते, कारण आजीनं शुभ दिवसासाठी घेतलेला असतो. तिथं तिला कळतं की पूर्ण बाह्या चालत नाहीत, मोठी बटणं चालत नाहीत, बूट चालत नाहीत, कानातलं, नाकातलं, हातातलं काही चालत नाही. मग कात्रीची शोधाशोध. एका मुलीच्या बापानं शेजारच्या किराणा दुकानातून कात्री आणली आणि कोपरापर्यंत बाही कापताना त्याचा हात थरथरत होता. वहिनी पुढं झाली. तिच्या पिशवीत अर्ध्या बाह्यांचा जास्तीचा टॉप होता, सपाट स्लीपर होती, पारदर्शक बाटली होती आणि मंगळसूत्राचा दोरा कुठं ठेवायचा याचीही माहिती होती, जी तिथं कुणालाच लागणार नव्हती. तिनं तो टॉप त्या मुलीला दिला. आमची पोरगी मात्र हात हलवत, एखाद्या बँकेत पासबुक भरायला निघाल्यासारखी आत गेली.

बाहेर लिंबाच्या सावलीत बापांचा मेळा भरला. तिथं ओळख करून घेताना गाव, आडनाव, नोकरी, असं काही विचारत नाहीत. “पहिलाच का?” एवढंच विचारतात. “दुसरा” म्हटलं की समोरचा सतरंजीवर सरकून जागा देतो. “तिसरा” म्हणणाऱ्याला चहा पाजतात. एक गृहस्थ चौथ्यांदा आले होते, त्यांच्याजवळ घडीची खुर्ची होती. त्यांना सगळे मान देत होते, आणि पाण्याचे जार कुठं मिळतात, पेपर सुटल्यावर कुठल्या रस्त्यानं गर्दी कमी असते, हे त्यांनाच विचारत होते.

पाच वाजता पोरं बाहेर आली ती एकाच विषयाचं नाव घेत. फिजिक्स. त्या वर्षीचं फिजिक्स ज्यांनी काढलं त्यांच्याबद्दल लातूर, नांदेड, कोटा सगळीकडं त्या संध्याकाळी एकाच सुरात बोललं गेलं असणार. ते इथं छापण्याजोगं नाही. पुतणी बाहेर आली आणि म्हणाली, “पप्पा, भूक लागलीय.” दादाला या वाक्याचा अर्थ लावता येईना. वर्षभराच्या कोशात ते नव्हतं.

१४ जूनला निकाल लागला: ५३२.

घरात शांतता झाली. गेल्या वर्षीपेक्षा ७९ मार्क कमी. दादानं परिपत्रकाची कोरी बाजू काढली, पेन उघडलं आणि तसंच ठेवून दिलं. एवढ्या सिली मिस्टेक एका घरात होऊ शकत नाहीत. तेवढ्यात पुतणी आतून ओरडली की देशात पहिल्या आलेल्यालाच ६८६ आहेत. पेपरच असा होता की सगळा देश खाली आला होता, आणि खाली येण्यात आमची पोरगी बाकीच्यांपेक्षा कमी आली होती. रँक गेल्या वर्षीपेक्षा हजारोंनी वर गेली होती. सीट लागणार होती. सरकारी.

हे नातेवाइकांना समजावणं हे या सगळ्या प्रवासातलं सर्वांत अवघड काम निघालं. मामांनी तीनदा विचारलं. “म्हणजे सहाशे अकराला नंबर नाही लागला आणि पाचशे बत्तीसला लागला?” हो. “म्हणजे गेल्या वर्षी जरा कमी अभ्यास केला असता तर तेव्हाच लागला असता?” दादा पर्सेंटाइल समजावून सांगायला लागला. गणिताच्या तासाला शेवटच्या बाकावरचा पोरगा जसा बघतो तसे मामा बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, “नाही, वशिला लावला असेल तरी काही वाईट नाही.” शेजारी मात्र चटकन समजले. त्यांनीच पेढ्यांचा पुडा आणला आणि या वेळी वहिनीनं परतीचा मोठा दिला. क्लासवाल्यांचे फोन आले, फोटो पाठवा म्हणून. पहिला फोन ती जिथं शिकली त्यांचा. दुसरा, जिथं तिनं फक्त एक टेस्ट सिरीज लावली होती त्यांचा. मावशींनी फोटो मागितला नाही. त्यांनी विचारलं, “खोलीत काय ठोकलं-बिकलं हाय का तिनं?”

पसंतीक्रम भरताना दादानं हट्टानं पहिल्या नंबरावर परळचं जीएस, म्हणजे केईएमचंच कॉलेज, टाकायला लावलं. “टाकायला काय पैसे लागतात का?” महाराष्ट्रातला प्रत्येक बाप हेच म्हणत असावा. जीएस लागलं नाही, लागणारही नव्हतं. मराठवाड्यातलंच एक सरकारी कॉलेज लागलं आणि कागदपत्रांची यादी हातात आली. दहावी, बारावी, टीसी, अधिवास, आणि खाली एक ओळ: गॅप असल्यास प्रतिज्ञापत्र.

तहसील कचेरीच्या बाहेर टपरीत टाइप करणारा पोरगा बसतो. त्याच्याकडं मसुदा तयारच होता.

“गॅप कधीपासून?”

“जून चोवीस ते जून पंचवीस,” दादा म्हणाला.

“काय करत होत्या?”

“अभ्यास.”

“ते नाही बसत सर. ‘मी घरी होते’ असं असतंय.”

“घरी नव्हती ना पण. लातूरला होती. पहाटे पाचला उठत होती.”

“क्लासला होते असं टाकलं की ते म्हणणार कुठंतरी प्रवेश घेतला होता. मग पुन्हा चक्कर. घरीच होत्या म्हणा.” आणि त्यानं छापून काढलं: सदर कालावधीत मी कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नव्हता, कोठेही नोकरी केलेली नाही, कोणत्याही बेकायदेशीर कृत्यात माझा सहभाग नव्हता, मी घरी होते, हे मी शपथेवर लिहून देते.

दादा ते दोनदा वाचून म्हणाला, हे खोटं आहे. जन्मात एवढी ती कधी राबली नव्हती आणि नेमकं त्याच वर्षाबद्दल, काहीच केलं नाही, असं शपथेवर लिहायचं. गणित शिकवणाऱ्या माणसाला असं उत्तर पटत नाही. पुतणीनं कागद घेतला, सही केली आणि म्हणाली, “राहू द्या हो पप्पा. ज्या वर्षी केलं त्या वर्षी सीट नाही मिळाली. काही केलं नाही म्हटल्यावर मिळतेय, तर घ्या.”

हा मसुदा ज्या कुणी पहिल्यांदा लिहिला असेल त्यांना माझी हात जोडून एक विनंती आहे. पुढच्या वेळी छापताना ‘घरी होते’च्या पुढं एक तिरकी रेघ द्या आणि ‘लातूरला होते’ असा पर्याय ठेवा. ज्याला जो लागू नसेल तो त्यानं खोडावा.